पाटावरचं गाव

गौरम्माला राग आला की आधी तिच्या पायाची बोटं आखडायची. मग मानेच्या शिरा दिसायच्या, आणि आवाज सगळ्यात शेवटी. बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत हा क्रम सगळ्यांना पाठ होता. नळावर तिची बोटं जमिनीत रुतताना दिसली, की पुढच्या बाया आपापल्या घागरी गुपचूप बाजूला घ्यायच्या. नवरा शिवप्पा गिरणीत रंगखात्यात होता. तो म्हणे घरात शिरताना बायकोच्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघायचा. गल्ली हे हसून सांगायची. शिवप्पा हसायचा नाही.

ती स्वतःही गिरणीतलीच. अक्कलकोटकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत वाइंडिंग खात्यात लागली. सुताच्या कांड्या भरता भरता तिची उमर गेली. मग नवी यंत्रं आली आणि त्या खात्यातल्या बायांना घरी बसवलं. गिरणीच्या फाटकावर सभा झाली. पुढाऱ्यानं समजुतीच्या आवाजात सांगितलं की बायांच्या घरी दुसरा कमावता असतोच, तेव्हा आधी मागावरच्या गड्यांचं बघू. गौरम्मा उभी राहिली. “माझ्या घरात कोण कमावतंय ते—” एवढं म्हणेपर्यंत माइक दुसरीकडे गेला होता. ते वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं. पुढं कित्येक वर्षं भाकरी थापताना ते आठवलं की तिचा हात परातीवर असा पडायचा, की शेजारच्या भिंतीला कळावं.

गिरणीतलं काम सुटलं, आणि खात्यातल्या बायांनी मांडीवर बिड्यांचं सूप घेतलं. सकाळी कारखान्यात आदल्या दिवशीचा माल द्यायचा, पानं आणि तंबाखू घेऊन यायचं, पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. सोमवारी दुपारी मात्र तिघीजणी ईरम्माच्या खोलीत एकत्र बसत. ईरम्मा त्यांच्यातली सगळ्यात वडील. यंत्रांच्या खडखडाटातही गोष्ट सांगण्याची तिला सवय होती, आणि मध्येच थांबून ती एखादीला विचारायची, आता त्या जागी तू असतीस तर? उत्तर येईल तशी गोष्ट वळायची. त्याच सवयीतून खेळ झाला.

मधे एक लाकडी पाट. त्याच्यावर खडूनं काढलेलं गाव: चावडी, ओढा, वाण्याचं दुकान, वरच्या कोपऱ्यात माळ. प्रत्येकीनं त्या गावातलं एक माणूस व्हायचं. गावावर काय ओढवलं ते ईरम्मा सांगणार. कधी पूर, कधी पटकी, कधी लग्नात रुसलेला व्याही. आपलं माणूस त्यावर काय करतं ते ज्याचं त्यानं सांगायचं. ते साधेल की नाही अशी शंका आली, की कवड्या टाकायच्या. कवड्यांचं उत्तर शेवटचं. पाटाभोवती बसल्यावर कुणी कुणाला घरच्या नावानं हाक मारायची नाही.

याखेरीज दोन गोष्टी कुणी मोडत नसे. जिला बोलायचं आहे तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवायचं. ते परत मांडीवर जाईपर्यंत दुसरीनं तोंड उघडायचं नाही. आणि एका माणसानं दुसऱ्याला शब्द दिला, तर बिडीचा लाल दोरा त्या दुसऱ्याच्या सुपाच्या कडेला बांधायचा. ज्याच्याकडे दोरा त्यानं तो हवा तेव्हा तोडावा आणि हवं ते मागावं. देणाऱ्याला नाही म्हणता येत नसे.

गौरम्माच्या वाट्याला सुईण आली होती. सुरुवातीला तिचा खेळ भयंकर होता. तिची सुईण अख्ख्या गावाशी भांडायची, आणि कवड्या उलट्या पडल्या तर त्या उचलून कोपऱ्यात भिरकवायची. ईरम्मा तिला रागावली नाही. एवढंच म्हणाली, “राग आला की दोऱ्याचं टोक दातात धर. तोंड आपोआप बंद ऱ्हातंय.” बिडीच्या दोऱ्याला तंबाखूचा कडवटपणा असतो. गौरम्मानं तो कडवटपणा पुष्कळ चाखला, आणि तोंड बंद असल्यामुळे तिला ऐकू येऊ लागलं.

मग तिला दिसायला लागलं की वाणी झालेल्या रुक्मिणीला बराच वेळ काही करायला मिळालेलं नाही आणि ती उगाच पानं चाळते आहे. तेव्हा सुईण हिंग आणायला दुकानात जायची आणि जाता जाता विचारायची, काय शेठ, तुमच्या गोदामामागं परवा कोण उभं होतं? रुक्मिणी सूप बाजूला ठेवून सरसावून बसायची. गोदामामागं कोण होतं ते तिलाही त्याच क्षणी सुचत असे. स्वतःच्या कवड्या उलट्या पडल्या की गौरम्मा हरणं असं रंगवायची, की जिंकलेलीला हेवा वाटावा. गेल्या महिन्यात कोण काय म्हणालं होतं ते तिच्या ध्यानात असे, आणि ते ती नेमक्या वेळी ज्याचं त्याला परत आणून द्यायची. रुक्मिणी म्हणायची, पाटावरची गौरक्का आणि नळावरची गौरक्का या दोन बाया आहेत. नळावरचीला तिकडंच कुणाला तरी देऊन टाका. गौरम्माचा राग काही कमी झाला नव्हता. तिथं त्याला काम मिळालं होतं, एवढंच.

शकुंतला या खेळात नंतर आली. तिचा नवरा गोपाळ बिडी कारखान्यात चेकर होता. कुठली बिडी चालली आणि कुठली छाट म्हणून बाजूला पडली हे त्याच्या अंगठ्यावर असायचं, आणि छाटीला मजुरी नसायची. शकुंतलेला बिड्या वळायची गरज नव्हती. सगळ्यांच्या मांडीवर सूप असतं म्हणून तीही एक घेऊन बसायची आणि त्यानं वारा घ्यायची. तिला पाटील व्हायचं होतं. झाली. पहिले काही महिने बरे गेले. ती खळखळून हसायची, डब्यातून भडंग आणायची. पाटावर पूर आला होता तेव्हा सुईणीनं ओढा पोहून जाऊन पाटलाच्या सुनेची सुटका केली. शकुंतलेच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिनं स्वतःच्या हातानं गौरम्माच्या सुपाला दोरा बांधला आणि पाटील म्हणाला, मागशील ते देईन.

पुढं पाटील सुटला. शकुंतला सूप मांडीवर ठेवूनच बोलायला लागली. वाण्याचं दुकान कुठं असावं ते पाटील ठरवणार, सुईणीनं कुणाकडं जावं तेही पाटील ठरवणार. कवड्या उलट्या पडल्या तर ती म्हणायची, या पडल्या नाहीत, पाट हलला. ईरम्मा गप्प बसायची. रुक्मिणी काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यायची. सकाळी सगळ्यांनाच गोपाळच्या अंगठ्यापुढं उभं राहायचं होतं. गौरम्मा दोरा दातात धरायची, पण आता तो नुसता कडू लागायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात निंगव्वा आली. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. पानं भिजवायला आंघोळीचं पाणी साठवून ठेवायचे दिवस होते. निंगव्वा ईरम्माच्या शेजारणीची, बसम्माची, नवी सून. मुलूख अक्कलकोटच्याही पलीकडचा, घरात बोलणं कानडी. पण अडचण भाषेची नव्हती. कानडीतही तिच्या तोंडात पहिलं अक्षर अडकून बसायचं. बसम्मा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ही आमची मुकी. ईरम्मानं तिला पाटावर धनगर केलं. वरच्या माळावर मेंढरं घेऊन राहायचं, फारसं कुणाशी बोलायचं नाही, एवढंच काम.

पण धनगर बोलायला लागला. पहिल्या सोमवारी नुसतं “मेंढी” म्हणाला. मग मेंढ्यांना नावं आली. एक लंगडी होती, एक कुणाचं न ऐकणारी. निंगव्वा सूप खाली ठेवायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकायची आणि शब्द यायची वाट बघायची. शब्द अडला की गौरम्मा तो हळूच पुरवायची. निंगव्वा मान हलवून पुढं जायची. बाहेर दुष्काळ होता तसा ईरम्मानं पाटावरही आणला. एका सोमवारी धनगरानं माळावरच्या पडक्या विहिरीत उतरून कवड्या टाकल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या उताण्या पडल्या. पाणी लागलं. निंगव्वा हसली. तिचा हसण्याचा आवाज त्या खोलीत तोवर कुणी ऐकला नव्हता. खडूनं माळावर विहिरीचं गोल तिनंच काढलं.

पुढच्या सोमवारी शकुंतलेनं, वारा घेता घेता, ती विहीर पाटलाच्या रानात येते असं सांगून टाकलं. पाटलानं कुंपण घातलं होतं. धनगराची मेंढरं सांगोल्याच्या बाजारात विकली जाणार होती. कवड्या नाहीत, विचारणं नाही. निंगव्वाचं सूप केव्हाच खाली गेलं होतं. तिचे ओठ उघडे होते, पहिलं अक्षर अडलेलं होतं. शकुंतला तिच्याकडे बघून म्हणाली, “हे बघा, धनगराची पण काही तक्रार नाही.” आणि हसली.

गौरम्माच्या पायाची बोटं आखडली. तिनं दोरा दातात धरला. सकाळी द्यायचे बिड्यांचे कट्टे कोपऱ्यात रचून ठेवलेले तिला दिसत होते. घरी जाताना तिला शकुंतलेचा राग आला होताच, पण त्या कट्ट्यांचा आणि स्वतःचा त्याहून जास्त आला.

त्याच्या पुढच्या सोमवारी निंगव्वा आली नाही. ईरम्मा म्हणाली की आता येणार नाही म्हणते. खेळ कसाबसा झाला. माळावरचं विहिरीचं गोल तसंच होतं आणि त्यातून कुणी पाणी काढत नव्हतं. गौरम्मा उठून सरळ बसम्माच्या घरी गेली. बसम्मानं दारातच सांगितलं की बरं झालं, मुकीनं तिथं जाऊन तरी काय करायचं, घरात हात तरी हलतात. निंगव्वा मागच्या अंगणात ओल्या फडक्यात पानं गुंडाळत होती. गौरम्मानं आपलं सूप तिच्यापुढं धरलं आणि कडेचा दोरा दाखवला. येत्या सोमवारी ये, म्हणाली, त्या बाईचा शब्द माझ्याकडं हाय. निंगव्वानं दोऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “म— मी—” तिनं सुरुवात केली.

“येतीस न्हवं? ये,” गौरम्मा म्हणाली, आणि निघाली.

मधले सगळे दिवस तिनं एकच वाक्य घोटलं. पाटलानं गाव सोडून जावं. पान कापताना, तंबाखू पसरताना, बिडीचं तोंड मुडपताना. पाटील गाव सोडतो म्हणजे शकुंतला पाटावरून उठते. त्या वेळी तिचा चेहरा कसा होईल ते गौरम्मानं इतक्या वेळा बघून घेतलं होतं की तो तिला खऱ्याहून खरा वाटायला लागला. कात्री अशी चालत होती की शिवप्पानं दोनदा विचारलं, कुणाचा गळा आहे?

सोमवारी निंगव्वा उशिरा आली. दाराशीच बसली. बसल्या बसल्या तिनं सूप खाली ठेवलं आणि हात गुडघ्यांवर टेकले. शकुंतलेचं चालूच होतं. पाटील आता त्या विहिरीवर ऊस लावणार होता. गौरम्मानं आपलं सूप खाली ठेवलं. शकुंतला थांबली नाही. मग गौरम्मानं सुपाच्या कडेचा दोरा तोडला आणि पाटावर, चावडीच्या चौकोनात, नेऊन ठेवला. तंबाखूच्या भुकटीनं लाल दोरा काळा पडला होता.

“अगं बाई, हा अजून ठेवलायस?” शकुंतला म्हणाली. “माग की. काय पाहिजे सुईणीला, लुगडं?”

रुक्मिणी हसली नाही. गौरम्माचं वाक्य अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात तिची नजर दाराकडे गेली. निंगव्वाचं सूप जमिनीवर होतं, हात गुडघ्यांवर होते. आपण पाटलाला हाकललं, तर शकुंतला ताडकन उठेल, तणतण होईल, गल्ली दारात गोळा होईल, आणि त्या गोंधळात ते सूप तसंच खाली राहील. कुणी तिकडे बघणार नाही. माइक कुठं गेला होता ते गौरम्माला अजून आठवत होतं. आठवलं आणि तिला जास्तच राग आला, कारण घोटून ठेवलेलं वाक्य आता गिळावं लागणार होतं.

“पाटलानं चावडीत बसायचं,” ती म्हणाली. “धनगराचं बोलणं संपंस्तोवर तोंड उघडायचं न्हाय. किती का येळ लागंना.”

“पाटील बसेल की गप्प. मी कशाला बसू?”

“पाटावर तुमी हाय कुटं?” रुक्मिणीनं मान वर न करता विचारलं. तिच्या आवाजात विनोद नव्हता, आणि तिच्याकडून याची कुणाला अपेक्षा नव्हती.

ईरम्मानं दोरा उचलून चावडीच्या बरोबर मधोमध ठेवला. “दोरा तुटला,” ती म्हणाली. “आता धनगर.”

गौरम्मानं सूप परत मांडीवर घेतलं. बाहेर गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आला असावा, घागरींचा आवाज येत होता, पण कुणी उठलं नाही. निंगव्वाचे ओठ हलले. “वि—” तिच्या गळ्याशी शीर फुगली. “वि—”

“विहीर,” गौरम्मा हळूच म्हणाली. नेहमीसारखी.

निंगव्वाचे ओठ मिटले. तिनं मान हलवली नाही. ती गौरम्माकडे बघत राहिली, इतकं सरळ तिनं आजवर कुणाकडेच बघितलं नव्हतं. मग तिनं बोलायला घेतलं, आणि ते तिला मुळीच सोपं गेलं नाही. पहिल्याच अक्षराशी ती कितीतरी वेळ झगडली. पण निघालं.

“तुमीबी गप बसा, अक्का. पाटील एकदा मदी बोलला. तुमी रोज बोलताय.”

गौरम्माची बोटं आखडली. कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊन चढलं. तुझ्यासाठी दोरा कुणी तोडला? उद्या सकाळी छाट कुणाची निघणार आहे? तुझ्या सासूच्या दारात कोण आलं होतं? सगळी उत्तरं एकदम वर आली, आणि सगळी बरोबर होती. तिच्या हातातलं पान उभं फाटलं. तिचं सूप मांडीवर होतं. तिनं रिळावरचं दोऱ्याचं टोक ओढलं आणि दातात धरलं.

मग धनगर बोलला. फार वेळ बोलला, कारण एकेक शब्द आपल्या वेळेनं येत होता आणि आता कुणी त्याला ओढत नव्हतं. धनगर विहीर मागणार नव्हता. मेंढरंही विकणार नव्हता. तो सगळा कळप घेऊन पाटलाच्या वाड्यावर जाणार होता. लंगडी पुढं. मेंढरं ओसरीत बसणार होती, चुलीपाशी बसणार होती, पाटलाच्या गादीवर लेंड्या टाकणार होती. पाणी पाजल्याशिवाय एकही उठणार नव्हती. गादीचं ऐकून रुक्मिणीला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत राहिले. शकुंतला लाल झाली. एकदा तिनं तोंड उघडलं, चावडीतल्या दोऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

शेवटी निंगव्वानं कवड्या मागितल्या आणि टाकल्या. त्या उलट्या पडल्या, एकजात सगळ्या. ईरम्मानं जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. वाड्याच्या दारातच पाटलाची कुत्री आली, मेंढरं बुजली, कळप माळभर पांगला. मध्ये पडून सुईणीला काही करता आलं असतं. एखादं दार उघडं ठेवता आलं असतं. गौरम्माला ते सुचलंही होतं. दोरा तिच्या दातात होता.

निंगव्वानं कवड्या गोळा करून ईरम्माच्या हातात दिल्या. “पुडच्या सोमवारी परत टाकते,” म्हणाली, आणि सूप मांडीवर घेतलं.

त्या आठवड्यात गौरम्माच्या बिड्यांची छाट वाढली. गोपाळचा अंगठा तिच्या कट्ट्यांवर पडायचा आणि घट्ट वळलेल्या, सरळ, निर्दोष बिड्या बाजूच्या टोपलीत जायच्या. चौथ्या दिवशी तिनं तिथंच उभं राहून त्याला सगळं सांगितलं. त्याच्या अंगठ्याबद्दल, त्याच्या बायकोच्या पाटीलकीबद्दल, आणि आपल्या घरात कोण कमावतंय त्याबद्दल, शेवटच्या शब्दापर्यंत. रांगेतल्या बाया सुपं, टोपल्या घेऊन ऐकत उभ्या राहिल्या. कुणी मध्ये बोललं नाही. छाट कमी झाली नाही.

पण गोपाळवरचा राग तिथंच संपला. घरी भाकरीच्या परातीपुढं बसली की दुसराच यायचा. रोज बोलताय. कालची पोर, आणि मला सांगते. ती मागचे सोमवार आठवून बघायची: लंगडी मेंढी, ओढ्याचा उतार, विहिरीचा तळ. त्यातले किती शब्द निंगव्वाचे आणि किती आपले, हे तिला वेगळं काढता येईना. पोरगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं, आणि हात परातीवर आणखी जोरात पडायचा. शिवप्पा पायांकडे बघून बाहेर जाऊन बसायचा.

सोमवारी ती ईरम्माच्या खोलीत गेली तेव्हा शकुंतलाही आली होती. तोंड फुगवून का होईना, पाटील चावडीवर हजर होता. निंगव्वा आज दाराशी नव्हती, पाटाच्या जवळ होती. तिचं सूप आधीच खाली होतं. गौरम्मानं तिच्याकडे बघितलं नाही. आपल्या जागेवर बसली, सूप घेतलं, आणि पहिलं पान उचलायच्या आधी दोऱ्याचं टोक ओढून दातात धरलं.

“मे—” निंगव्वाचं अक्षर अडलं.

शब्द कुठला ते गौरम्माला ठाऊक होतं. खोलीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिनं दात आणखी घट्ट मिटले. दोरा कडू होता. अक्षर अजून अडलेलंच होतं.

ती बिडी वळत राहिली.